पार्श्वभूमी : १९०५ चा शिकागो संघ आणि उशिरा आलेला किताब

अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या १९०५ च्या फुटबॉल संघाला (हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन धावण्याचा) आज बहुतेक याद्यांमध्ये 'राष्ट्रीय विजेता' म्हटलं जातं. त्या वर्षी मात्र असा किताब देणारं अधिकृत कोणीच नव्हतं. देशपातळीवर अंतिम सामना नव्हता, गुणतक्ताही नव्हता. संघाने मैदानावर जिंकलं ते पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या परिषदेचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद. परिषदेतले सातही सामने त्याने जिंकले. बाकीचं नंतर लोकांनी त्याच्या पदरात टाकलं.

हे विद्यापीठ तेव्हा अगदी कोवळं होतं. तेलसम्राटाच्या पैशावर उभं राहिलेलं, पहिले वर्ग भरले १८९२ मध्ये. पहिल्या अध्यक्षांनी त्याच वर्षी फुटबॉलच्या प्रशिक्षकालाही प्राध्यापकाचा दर्जा देऊन कायम नोकरीत घेतलं. देशात अशी नेमणूक तोवर ऐकिवात नव्हती. विद्यापीठाचं नाव गाजवायला खेळाची मदत घ्यायची, हा हिशोब सुरुवातीपासून उघड होता.

१९०५ च्या हंगामात या संघाविरुद्ध सगळे मिळून ५ गुण झाले, तेही इंडियानाकडून. विस्कॉन्सिनविरुद्धचा सामना ४-० असा सुटला. तेव्हा फील्ड गोलला, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारण्याला, चार गुण मिळत. मग ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी, मिशिगन विद्यापीठाशी गाठ पडली. मिशिगन १९०१ पासून ५६ सामने हरलं नव्हतं आणि त्या हंगामात त्यांच्याविरुद्ध तोवर एकही गुण झालेला नव्हता. शिकागोच्या मैदानावर सुमारे २७,००० प्रेक्षक होते.

सामना २-० असा संपला. उत्तरार्धात शिकागोच्या क्वार्टरबॅकने (चढाईची सूत्रं हाताळणाऱ्या खेळाडूने) मारलेला पंट, म्हणजे हातातून सोडून लाथेने दूर मारलेला चेंडू, मिशिगनच्या गोलरेषेपलीकडे गेला. तो तिथेच खाली टेकवला असता तर काही बिघडलं नसतं. मिशिगनचा राखीव खेळाडू चेंडू घेऊन बाहेर धावला, शिकागोच्या खेळाडूंनी त्याला पकडलं आणि रेटत पुन्हा रेषेमागे नेलं. याला म्हणतात सेफ्टी : चेंडू घेतलेल्या खेळाडूला त्याच्याच गोलरेषेमागे पाडलं की समोरच्या संघाला दोन गुण. आजच्या नियमांत खेळाडू पुढे जिथवर पोहोचला ती जागा धरतात, त्यामुळे हे गुण मिळाले नसते. पण १९०५ चा सामना आजच्या नियमपुस्तकाने तपासण्यात अर्थ नाही. पराभवाचं सगळं खापर मात्र त्या एका पोराच्या डोक्यावर फुटलं. १९३२ मध्ये त्याने आत्महत्या केली, तेव्हाच्या बातम्यांतही हा सामना होता.

आता किताबाचा गुंता. त्याच वर्षी येलने दहापैकी दहा सामने जिंकले होते आणि त्यांच्याविरुद्धही फक्त ४ गुण झाले होते. फुटबॉलची सूत्रं तेव्हा पूर्वेकडच्या जुन्या विद्यापीठांच्या आणि तिथल्या समीक्षकांच्या हातात होती. त्या काळातल्या एका वजनदार समीक्षकाने येलला पहिला क्रमांक दिला. १९३० च्या दशकात एका इतिहासकाराने मागील वर्षांची यादी तयार केली, तिच्यातही येलच. शिकागोचं नाव वर आलं ते त्यानंतर, लॉस एंजेलिसमधल्या एका क्रीडासंस्थेने १८८३ पर्यंत मागे जाऊन विजेते ठरवले तेव्हा. पुढे गणिती सूत्रं वापरणाऱ्यांनीही शिकागोलाच पसंती दिली. येल आणि शिकागो त्या हंगामात एकमेकांशी खेळलेच नाहीत, त्यामुळे हा वाद सुटण्याजोगा नाही. तरी माझं मत शिकागोच्या बाजूने आहे. मिशिगनच्या त्या संघाला हरवणं हे त्या वर्षीचं सगळ्यात अवघड काम होतं आणि ते एकाच संघाने केलं.

गंमत अशी की, ती क्रीडासंस्था मागच्या काळातले विजेते ठरवत होती तेव्हा शिकागोकडे फुटबॉलचा संघच उरला नव्हता!

त्याचं बीज १९०५ मध्येच शोधणारे आहेत. त्या हंगामात देशभरात फुटबॉल खेळताना किमान १८ जण दगावल्याची मोजणी वर्तमानपत्रांनी केली. राष्ट्राध्यक्षांनी ऑक्टोबरमध्येच पूर्वेकडच्या विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली होती. शिकागो-मिशिगन सामन्याच्या पाच दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये एक विद्यार्थी मैदानावरच्या दुखापतीने गेला. त्यातून बैठका झाल्या आणि डिसेंबरअखेर ६२ संस्थांची नवी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९०६ मध्ये फॉरवर्ड पासला (चेंडू हाताने पुढे फेकण्याला) परवानगी मिळाली आणि चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड पुढे जाण्याची अट आली. पश्चिमेकडच्या परिषदेने तर हंगाम पाच सामन्यांवर आणला आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बाहेर ठेवलं. मिशिगन वैतागून परिषदेतून बाहेर पडलं, ते १९१७ मध्ये परतलं. शिकागोची त्यांच्याशी पुढची लढत १९१८ मध्ये झाली.

विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष १० जानेवारी १९०६ रोजी वारले. प्रशिक्षक मात्र टिकला, थेट १९३२ पर्यंत. ४१ हंगामांनंतर, वयाच्या सत्तरीचं कारण देऊन त्याला निवृत्त करण्यात आलं. तोवर अध्यक्षपदावर खेळाबद्दल फारशी आस्था नसलेला तरुण माणूस आला होता. १९३५ मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या नव्या करंडकाचा पहिला मानकरी शिकागोचाच होता, पण एका खेळाडूने संघ तरत नाही. १९३९ चा हंगाम लाजिरवाणा गेला : मिशिगनकडून ८५-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, हार्वर्डकडून ६१-०. डिसेंबरमध्ये विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला.

तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच रिकाम्या मैदानाच्या (तेव्हाचं नाव स्टॅग फील्ड) पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवण्यात आली. मैदानाचं नाव आज लोकांना माहीत असतं ते याच कारणाने. जुन्या मैदानाच्या जागी आता विद्यापीठाचं ग्रंथालय आहे.

१९४६ मध्ये विद्यापीठ परिषदेतूनही बाहेर पडलं. १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू झाला. आज हा संघ खेळतो तो तिसऱ्या श्रेणीत, जिथे खेळासाठी शिष्यवृत्त्या देत नाहीत. परिषदेच्या विजेत्यांच्या यादीत १८९९ ते १९२४ दरम्यान सात वेळा आलेलं शिकागोचं नाव मात्र अजून तसंच आहे.