किलोला किलो, पण नगाला नग नाही

तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागायतदाराचा एक डोळा आभाळाकडे असतो. कोवळ्या फुटीवर परतीचा पाऊस पडला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती आलीच. मग पिंपं भरली जातात आणि त्यावरचं फवारणीचं औषध, बोर्डो, तयार होतो: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. ही कृती मूळची फ्रान्सची. तिकडे बोर्डो भागात वाटेवरची द्राक्षं कोणी तोडून नेऊ नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडत. नेमक्या त्याच वेली डाऊनीतून वाचल्याचं मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे ठेवलं. चोरांची कृपाच म्हणायची.

किलोला किलो हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, पण रसायनांचा आपसातला व्यवहार वजनावर होत नाही, नगावर होतो. नग म्हणजे त्या पदार्थाचा सगळ्यात छोटा कण. मोरचुदाच्या एका नगाला चुन्याचा एक नग लागतो. तेव्हा खरा प्रश्न असा, की दोन्हीकडच्या एकेका किलोत नग किती?

कुपवाडच्या एमआयडीसीत हजारो नटांची ऑर्डर भरायची तर ते एकेक करून मोजत बसायची गरज नसते. एका नटाचं वजन ठाऊक असलं की ढीग काट्यावर टाकायचा आणि भागाकार करायचा. अणूंचंही तसंच, फक्त एकटा अणू काट्याला जाणवत नाही, म्हणून भला मोठा गठ्ठा धरावा लागतो. त्या गठ्ठ्याचं नाव मोल. एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, म्हणजे ढोबळमानाने ६ आणि त्यापुढे २३ शून्यं. हा आकडा २० मे २०१९ पासून व्याख्येनेच पक्का केला आहे. त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे एक मोल, असं मानत. या संख्येला नाव ॲव्होगॅड्रो या इटालियन शास्त्रज्ञाचं असलं, तरी १८११ मध्ये त्याने मांडलं ते वायूंच्या समान आकारमानांबद्दल. हा आकडा त्याने कधी पाहिलाच नाही. त्याचं नाव या संख्येला दिलं जाँ पेरँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने, १९०९ मध्ये.

एवढा अक्राळविक्राळ आकडा निवडला त्यामागे सोय आहे. अणुभाराचा आकडा ग्रॅममध्ये वाचला की तेवढ्या वजनात एक मोल भरतो. तांब्याचा अणुभार ६३.५५, म्हणून ६३.५५ ग्रॅम तांबं म्हणजे तांब्याचा एक मोल.

आता मोरचूद घेऊ. त्याच्या एका नगात तांब्याचा एक अणू, गंधकाचा एक, ऑक्सिजनचे चार आणि शिवाय पाण्याचे पाच रेणू असतात. बेरीज केली की २४९.६९ येते, आपण २५० धरू. १००० ग्रॅमला २५० ने भागलं की ४ मोल. त्याला वरच्या संख्येने गुणलं की २४ आणि त्यापुढे २३ शून्यं इतके नग. इथे विद्यार्थी हमखास गडबडतात, कारण नग वेगळे आणि अणू वेगळे. पाण्यासकट एका नगात २१ अणू आहेत, तेव्हा एकूण अणू नगांच्या २१ पट. तांब्याचे अणू मात्र नगाला एकच, म्हणून तेही ४ मोलच, वजनात २५४ ग्रॅम. आणि त्या पाच रेणूंचं पाणी? किलोमागे ३६० ग्रॅम. मोरचुदाच्या पोत्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाणी आपण विकत आणतो, तेही कोरडं ठणठणीत.

हे तांबं पानावर किती पोचतं तेही पाहू. फवाऱ्याचे शिंतोडे बारीक असतात, पण समजा ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब पानावर टेकला. १ टक्का बोर्डोच्या त्या थेंबात अर्धा मिलिग्रॅम मोरचुदातलं तांबं असतं. २५० ने भागा, मोलच्या संख्येने गुणा: तांब्याचे अणू निघतात १.२ अब्ज गुणिले १ अब्ज. बुरशीच्या बीजाणूची गाठ एवढ्यांशी पडते.

चुन्याचा हिशेब छोटा आहे. कॅल्शियम ४०, ऑक्सिजन १६, मिळून ५६. एका किलोत जवळपास १८ मोल. म्हणजे त्याच वजनाच्या मोरचुदापेक्षा चुन्याचे नग साडेचार पटींच्या जवळ जातात! चार मोल मोरचुदाला चारच मोल चुना लागत असेल, तर कागदावर २२४ ग्रॅममध्ये काम भागायला हवं.

मग कृतीत किलो का? मला वाटतं, बाजारातल्या चुन्याचा भरवसा नाही म्हणून. कळीचा चुना उघडा राहिला की हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पीत बसतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. अशा मेलेल्या चुन्याचं वजन उलट वाढतं, पण कामाचे नग घटतात. काटा फसतो तो इथे. चुना जिवंत आहे का, हे पाणी सांगतं. शुद्ध कळीच्या चुन्याचा एक मोल, म्हणजे ५६ ग्रॅम, भिजताना सुमारे ६४ किलोज्यूल उष्णता सोडतो. एक लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला ती पुरते. भांडं नुसतं कोमट झालं तर काय ते समजावं. (डोळे सांभाळा, उडालेला चुना वाईट.)

म्हणूनच मिश्रण झाल्यावर जुने बागायतदार त्यात घासलेला विळा बुडवून बघतात. जोडीदार न मिळालेलं तांबं उरलं असेल, तर ते लोखंडावर येऊन बसतं आणि पातं लालसर होतं. इथेही नगाला नगच: तांब्याचा एक अणू बसतो तेव्हा लोखंडाचा एक सुटतो. लोखंडाचा अणुभार ५५.८५, तांब्याचा ६३.५५, म्हणून १ ग्रॅम तांबं चढताना ०.८८ ग्रॅम लोखंड जातं आणि विळा झिजूनही किंचित जड होतो. असं मोकळं तांबं कोवळ्या पानांना भाजतं. पातं लाल झालं तर चुन्याचं पाणी आणखी घालायचं, ढवळायचं, पुन्हा विळा घासून बुडवायचा; आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) बघायचा कागद हाताशी असेल तर तो ७ च्या थोडा वर दिसला की पंप सुरू करायचा.