१४ जानेवारी (लोकप्रिय संगीतातील दिनविशेष)

१४ जानेवारी या तारखेला लोकप्रिय संगीतात घडलेल्या घटनांची आणि दरवर्षी त्या तारखेला गायल्या जाणाऱ्या गाण्यांची ही नोंद आहे. जगाच्या संगीतेतिहासात ही तारीख मुख्यतः अमेरिकन रॉक गायक एल्विस प्रेस्लीच्या उपग्रहावरून प्रक्षेपित झालेल्या मैफलीसाठी (१९७३) सांगितली जाते. मराठवाड्यात मात्र तिची ओळख मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराचा दिवस (१९९४) अशी असून, त्या दिवशी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे विद्यापीठ गेटवर सकाळपासून रात्री उशिरापर्यंत भीमगीते चालतात. दोन्ही घटना दिनदर्शिकेच्या एकाच चौकटीत बसत असल्या, तरी त्या तिथे पोहोचल्या त्या निरनिराळ्या वाटांनी.

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, शाळेच्या फळ्यावर आणि आकाशवाणीच्या सकाळच्या निवेदनात येणारा दिनविशेष बहुधा तीन प्रकारच्या नोंदींवर उभा असतो : कोणाचा जन्म, कोणाचा मृत्यू आणि कोणत्या ध्वनिमुद्रिकेचे प्रकाशन. तिन्हींना लेखी आधार लागतो. ज्या संगीतामागे कंपनी, करारपत्र आणि छापील वेष्टन असते ते या यादीत आपोआप येते, आणि जे तोंडी चालत आले ते बाहेर राहते. जात्यावरची ओवी प्रथम कोणत्या तारखेला म्हटली गेली, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. संगीताचे दिनविशेष वाचताना ही बाब लक्षात ठेवणे भाग आहे, कारण यादीतली गर्दी आणि प्रत्यक्ष गाण्याची गर्दी सहसा एका ठिकाणी नसते.

प्रेस्लीची मैफल १४ जानेवारी १९७३ रोजी, रविवारी, हवाई बेटांवरील होनोलुलू येथे मध्यरात्रीनंतर साडेबारा वाजता सुरू झाली. ही अवेळ जपानसाठी निवडलेली होती. तेथे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजत होते आणि घरोघरी दूरचित्रवाणी लावण्याची ती वेळ होती. मैफल तासभर आधी सुरू झाली असती, तर होनोलुलूच्या घड्याळाप्रमाणे ती १३ जानेवारीचीच ठरली असती. आशिया आणि ओशनियातील काही देशांत ती थेट दिसली, युरोपात उशिराने दाखवली गेली, आणि खुद्द अमेरिकेच्या मुख्य भूमीवर प्रेक्षकांना ती ४ एप्रिलपर्यंत पाहता आली नाही. तिच्या निमित्ताने कर्करोगाशी संबंधित एका निधीसाठी २५,००० डॉलरचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात ७५,००० डॉलर जमले. ती अब्जाहून अधिक लोकांनी पाहिली, हा वर्षानुवर्षे सांगितला जाणारा आकडा मात्र जपूनच घ्यावा, कारण तो प्रक्षेपण जेथवर पोहोचू शकत होते त्या देशांच्या लोकसंख्येचा आहे. पाहणाऱ्यांची शिरगणती कोणी केलेली नाही.

होनोलुलूत मैफल सुरू झाली तेव्हा मराठवाड्यात दुपारचे चार वाजले होते. तो दिवस संक्रांतीचा होता आणि वर्ष १९७२ च्या दुष्काळाचे होते. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते आणि त्याची चित्रे मराठवाड्यापर्यंत येत नव्हती. या भागातली हजारो माणसे त्या हिवाळ्यात रस्त्याच्या, पाझर तलावाच्या आणि नालाबांधाच्या कामांवर होती. हातात खडी फोडायचा हातोडा आणि पोटाला सुकडी, म्हणजे दुष्काळी कामांवर वाटले जाणारे कोरडे पूरक अन्न, अशी ती स्थिती होती. अमेरिकेतून त्या वर्षी इथे पोहोचली ती मिलो, म्हणजे लालसर रंगाची ज्वारी. तिच्या भाकरीची चव त्या पिढीतली माणसे अजून तोंड वाकडे करून सांगतात. लोकप्रिय संगीत म्हणून खेड्यांना तेव्हा ठाऊक होते ते रेडिओवरचे सिनेगीत, भजनी मंडळ, तमाशाचा फड आणि शाहिराचा पोवाडा. संपूर्ण जगाने एकाच वेळी ऐकलेली मैफल, असे तिचे वर्णन वाचताना हे जग कोणते, हे विचारायला हरकत नाही.

पाश्चात्त्य संगीतातल्या या तारखेच्या बाकीच्या नोंदी थोडक्यात सांगता येतात. १४ जानेवारी १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानात वीस-तीस हजार तरुण जमले. ग्रेटफुल डेड, जेफरसन एअरप्लेन आदी वाद्यवृंदांनी तेथे वादन केले, आणि काही वर्षांपूर्वी भारतात राहून गेलेले कवी ॲलन गिन्सबर्ग यांनी मंत्रपठण केले. हिप्पी चळवळ जगाच्या डोळ्यांवर आली ती या मेळाव्यापासून. योगायोग असा की, बरोबर अकरा वर्षांनी, १४ जानेवारी १९७८ रोजी, त्याच शहरातल्या विंटरलँड सभागृहात सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक वाद्यवृंदाचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि काही दिवसांतच तो फुटला. तो पुन्हा एकत्र आला तो १९९६ मध्ये. या दोहोंच्या मध्ये, १९७७ मध्ये याच तारखेला, इंग्लिश गायक डेव्हिड बोवी यांचा ‘लो’ हा अल्बम निघाला, ज्याची दुसरी बाजू जवळपास शब्दांवाचून आहे. गायक-वादकांच्या जन्मनोंदींत रॅपर एल. एल. कूल जे (१९६८) आणि निर्वाणा या वाद्यवृंदातून पुढे आलेले डेव्ह ग्रोल (१९६९) ही नावे येतात.

हिंदी चित्रपटसंगीतात हा दिवस कवी कैफी आझमी यांचा जन्मदिवस (१९१९) मानला जातो. आझमगड जिल्ह्यातल्या मिजवान गावी जन्मलेले आणि कम्युनिस्ट पक्षात घडलेले कैफी चित्रपटांसाठी लिहू लागले ते पोटापाण्याच्या गरजेतून. पण ‘हकीकत’ (१९६४) मधली त्यांची गीते पंधरा ऑगस्टच्या ध्वनिक्षेपकावर कायमची जाऊन बसली. मराठवाड्याशी त्यांचे नाते दुरून का होईना, जुळते. त्यांची आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या शौकत यांची भेट १९४७ मध्ये हैदराबादेत झाली, आणि मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे त्या वेळी त्याच हैदराबाद संस्थानात होते. संगीतकार चित्रगुप्त यांचे निधन याच तारखेला, १९९१ मध्ये झाले. ‘भाभी’ (१९५७) मधल्या चालींमुळे ते घरोघरी पोहोचले आणि ‘गंगा मैया तोहे पियरी चढइबो’ (१९६३) या पहिल्या भोजपुरी चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. पहिल्या रांगेतल्या नावांत त्यांना क्वचितच धरले जाते, हा त्यांच्यावरचा अन्यायच म्हणावा लागेल.

मराठवाड्याच्या स्वतःच्या नोंदीला मात्र विस्ताराने सांगावे लागते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्याच्या गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली. नामांतराचे आंदोलन पुढे सोळा वर्षे चालले. १४ जानेवारी १९९४ रोजी, शुक्रवारी, मुख्यमंत्री शरद पवार यांच्या सरकारने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव जाहीर केले. जुने नाव न काढता नवे जोडले, म्हणून या दिवसाला नामांतर दिन न म्हणता नामविस्तार दिन म्हणतात. मोर्चे, धरणे आणि तुरुंग यांच्या त्या सोळा वर्षांत गाण्यांचा मोठा साठा तयार झाला. आंबेडकरी जलशांची, म्हणजे आंबेडकरांचे विचार गाण्या-नाट्यांतून सांगणाऱ्या कार्यक्रमांची, परंपरा भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकातच रुजवली होती आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी ती रचना-गायनाने खेडोपाडी नेली होती. नामांतराच्या गाण्यांना त्यामुळे घडवलेली वाट मिळाली. नांदेड जिल्ह्यात १९७८ मध्ये मारले गेलेले पोचिराम कांबळे आणि नांदेडातच १९९३ मध्ये आत्मदहन केलेले गौतम वाघमारे यांची नावे त्या गाण्यांत आजही घेतली जातात.

नामविस्तार दिनी गेटवर गाणे ऐकायचे तर एका जागी उभे राहून चालत नाही. नांदेड, परभणी, हिंगोली, जालना, बीडहून आलेली माणसे पांढऱ्या कपड्यांत, निळे झेंडे घेऊन गेटला अभिवादन करायला सरकत असतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या, मूर्तींच्या आणि दिनदर्शिकांच्या दुकानांमधून वेगवेगळ्या पक्षांची व्यासपीठे उभारलेली असतात. प्रत्येक व्यासपीठावर नेते येईपर्यंत गायन पार्टी असते. पेटी, ढोलक, बेंजो आणि मागे दोन-तीन कोरसवाले एवढा तिचा संच. एका कर्ण्याचा आवाज पुढच्या कर्ण्यात मिसळतो, त्यामुळे दहा पावले चालले की एका गाण्याचे ध्रुवपद संपते आणि दुसऱ्याचा अंतरा कानावर येतो. ओळ मनाला भिडली की श्रोता पुढे होऊन पेटीवर नोट ठेवतो. गायक गाणे न थांबवता, आलाप लांबवत, चिठ्ठीवरचे नाव, गाव आणि रक्कम माईकवर वाचतो आणि बरोबर समेवर परत येतो. हे कसब सोपे नाही, आणि संगीताच्या कोणत्याही परीक्षेत ते विचारले जात नाही.

या गाण्यांच्या चाली अनेकदा गाजलेल्या सिनेगीतांवरून, कव्वालीवरून किंवा लोकगीतांवरून घेतलेल्या असतात. टीकाकार याला उसनवारी म्हणतात. पण ज्या गाण्याला हजारोंच्या घोळक्यात दुसऱ्याच कडव्याला साथ मिळायला हवी, त्याला ओळखीची चाल लागतेच. नवे असतात ते शब्द. चित्रपटसंगीताच्या यादीतला आणि गेटवरच्या गाण्यातला खरा दुवा इथे आहे, तारखेच्या योगायोगात नाही. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. वामनदादांच्या रचना त्यातल्या ‘वामन’ या नावानेच ओळखू येतात. संतांच्या अभंगांतून आलेली ही रीत वेष्टनावर नाव छापण्याऐवजी नाव गाण्यातच ठेवते, म्हणून गाणे कोणीही, कोणत्याही गावी गायले तरी कवीचा हक्क शाबूत राहतो. १९८० च्या दशकापासून कॅसेटने आणि पुढे सीडी, पेनड्राइव्ह आणि मोबाइलने ही गाणी घराघरात नेली. अलीकडे डीजेच्या भिंती आल्यापासून पेटी-ढोलकाच्या पार्ट्यांना आवाजात टिकून राहणे जड जाते, अशी जुन्या गायकांची तक्रार असते.

तारखेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. १४ जानेवारी म्हणजे मकरसंक्रांत, असे आपण गृहीत धरतो. पण संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, सौर वर्षाप्रमाणे येते, ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते आणि त्यामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली आणि पोवाड्यांनी तो पराभव महाराष्ट्राच्या कानात ठेवला. ती संक्रांतीलाच झाली, असे सर्रास सांगतात, परंतु त्या शतकात संक्रांत तीन-चार दिवस आधी येत असे. आता ती अनेक वर्षी १५ तारखेला येते. २०२३ आणि २०२४ मध्ये असेच झाले : मराठवाड्यातल्या बायांनी १५ जानेवारीला वाण दिले, तीळगूळ वाटला, गेटवरची गर्दी मात्र आदल्या दिवशी, १४ लाच, होऊन गेली होती.