मंडई पाचशे मीटरवर, पण चढ कोण मोजणार?

नकाशात भाजी मंडईच्या खुणेवर कंपासचं टोक ठेवायचं, पाचशे मीटरचं वर्तुळ काढायचं आणि आतली सगळी घरं ‘सोय झालेली’ म्हणून मोजायची. नियोजनात ही पद्धत सर्रास चालते, कारण ती झटपट होते. असं एक वर्तुळ पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या उतारावरच्या जनता वसाहत या झोपडवस्तीवर काढून बघावं. ते मुठा उजवा कालवा सहज ओलांडतं. माणसाला मात्र पूल असेल तिथपर्यंत वळसा घ्यावा लागतो, आणि मग जिने सुरू होतात.

वाल्डो टॉब्लर या भूगोलतज्ज्ञाचं चालण्याच्या वेगाचं एक सूत्र आहे. त्यानुसार सपाटीवर ताशी 5 किलोमीटर चालणारा माणूस शंभर मीटरला वीस मीटर चढ असलेल्या वाटेवर ताशी अडीच किलोमीटरवर येतो. म्हणजे पाचशे मीटरची सहा मिनिटं तिथे बारा होतात. यात वळसा धरलेला नाही, हातातली पिशवीही नाही. पिशवी तर जाताना रिकामी आणि येताना, नेमकी चढावर, भरलेली असते.

म्हणून वस्तीची अन्न-पाहणी, म्हणजे तिथल्या घरांना अन्न किती सहज मिळतं याची मोजणी, करताना वर्तुळ बाजूला ठेवून चालून वेळ मोजावी. वस्तीतल्या निरनिराळ्या उंचीवरची किमान वीस घरं निवडा, त्यांत सगळ्यात वरच्या रांगेतली पाच हवीतच. पाहणी करणाऱ्यानं त्या घरातल्या बाजार करणाऱ्या व्यक्तीबरोबर संध्याकाळी जावं, येताना पाच किलो वजन घ्यावं आणि जायची-यायची मिनिटं वेगळी लिहावीत. हीच फेरी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात करावी. ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर वेळ किती वाढते ते एका ऋतूत कळत नाही. तिशीतल्या उत्साही स्वयंसेवकानं एकट्यानं पळत केलेली मोजणी सरळ बाद करावी.

आकडे हाती आले की सरासरी काढायचा मोह होतो. मध्यमवर्गीय सहकारनगर आणि जनता वसाहत एकाच पर्वतीच्या आजूबाजूला आहेत. दोन्हींची सरासरी काढली तर उत्तर कुणाच्याच घराचं नसतं. घरं वेळेनुसार चढत्या क्रमानं लावावीत आणि शेवटच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरांना किती मिनिटं लागतात ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावं. नवी मंडई, रेशन दुकान किंवा अंगणवाडी कुठे हवी, हे त्या आकड्यावरून ठरवावं. न्याय हा शब्द नियोजनात वापरायचाच असेल तर त्याचं मोजमाप इथे आहे.

अंतरानंतर भाव. इथे नेहमीची चूक म्हणजे किलोचा दर विचारून येणं. महिन्याच्या शेवटी हातात वीस-तीस रुपये असलेलं घर किलोनं घेत नाही, वाट्यानं घेतं. तेव्हा वाटाच विकत घ्यावा आणि पाच ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या काट्यावर ठेवावा. समजा दहा रुपयांचा टोमॅटोचा वाटा 180 ग्रॅम भरला, तर भाव पडला किलोला साधारण 55 रुपये, आणि त्याच गाडीवर किलोचा दर 40 असू शकतो. वेगवेगळ्या विक्रेत्यांचे दहा वाटे तोलल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण वाट्याचं माप हाताचं असतं. मेथी-शेपूची जुडी निवडून, देठं-माती काढून पुन्हा तोलावी. खाण्याजोग्या वजनावर भाव काढला की स्वस्त जुडी कित्येकदा महाग निघते. पाहणी सकाळी, संध्याकाळी सहाला आणि रात्री साडेआठनंतर अशी तीनदा करावी. रात्री गाडी आवरायच्या वेळी विक्रेते भाव पाडतात. घरी फ्रिज नसलेली माणसं पुष्कळदा तीच वेळ गाठतात, सुकलेली भाजी चालवून घेऊन.

यात विक्रेत्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे पोचणाऱ्या पाटीवालीला अख्खा डाग, म्हणजे पूर्ण गोणी किंवा पेटी, परवडत नाही. मधल्या माणसाकडून माल फोडून घ्यावा लागतो आणि टेम्पोचं भाडं चौघींत वाटून द्यावं लागतं. गिऱ्हाईक लहान आणि विक्रेतीही लहान, म्हणून दोघींनाही किलोमागे जास्त पडतं.

आता रेशनचा हिशेब मांडू. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य (कमी उत्पन्नाच्या) कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय (सगळ्यात गरीब) कुटुंबाला एकूण 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली सुचवलेल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात रोज 250 ग्रॅम तृणधान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि 400 ग्रॅम भाज्या आहेत. चार मोठ्या माणसांना तीस दिवसांना 30 किलो धान्य लागलं, त्यातलं 20 किलो रेशननं दिलं. चांगलंच झालं. पण त्याच घराला महिन्याला 48 किलो भाजी आणि 10 किलोच्या वर डाळ लागते, ती जवळपास सगळी बाजारातून आणायची. ताटातला स्वस्त भाग सरकारनं उचलला आणि महाग भाग चढावरच्या पिशवीत राहिला. एकट्या धान्याच्या आकड्यावर ‘अन्न सुरक्षा साधली’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार करून बघावा.

शिवाय रेशन कुणाला, हाही प्रश्न आहेच. कायदा लागू करताना राज्यानं शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला 59,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा ठेवली. दिवसाला ते होतात 162 रुपये, अख्ख्या घराचे. बांधकामावर बिगारी काम करणारं कुटुंब कागदावर सहज त्याच्या वर जातं. लाभार्थ्यांची संख्या 2011 च्या जनगणनेवर बांधलेली आहे. पुण्यात त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पालिका हद्दीत आली, त्यांच्या कडेनं मजुरांच्या पत्र्याच्या वसाहती वाढल्या. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे मराठवाड्यातलं किंवा बिहारमधलं कार्ड इथल्या दुकानात चालायला हवं, आणि चालतंही, अडतं ते तपशिलात. आधार जोडणी राहिलेली असते. सिमेंट-चुन्यानं झिजलेल्या बोटांचा ठसा दुकानातलं ओळख पटवणारं ई-पॉस यंत्र घेत नाही. कधी गावी राहिलेल्या सासऱ्यांनी आपल्या वाट्याचं धान्य तिथे उचललेलं असतं आणि इथे आपला वाटा वेगळा मागता येतो हे सांगायला कुणी नसतं. वस्तीत शिबिर घ्यायचं तर या तिन्ही अडचणींसाठी तीन वेगळी टेबलं मांडावीत. एका रांगेत सगळ्यांना उभं केलं की आधार जोडणीतच दिवस संपतो.

घड्याळाकडेही बघायला हवं. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली राज्य सरकारची शिवभोजन थाळी दहा रुपयांची होती: तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. वेळ दुपारी 12 ते 2. त्या वेळात धुणं-भांडी करणारी बाई दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या मध्ये असते. हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेनं पुण्यात 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तिची आखणीच कष्टकऱ्यांनी केली होती: ना नफा, ना तोटा, आणि जेवण त्यांच्या कामाच्या जागेजवळ. नवं केंद्र काढण्याआधी आसपासच्या शंभरेक कामकऱ्यांना एकच प्रश्न विचारावा: काल पहिला घास किती वाजता खाल्ला? उत्तरांचा तासवार तक्ता केला की केंद्र कधी उघडायचं ते आपोआप दिसतं.

विक्रेत्यांच्या ओट्यांचं असंच होतं. ओटे बांधतात, वर्षभरात ते ओस पडतात आणि विक्रेते पुन्हा रस्त्यावर बसतात. मग ‘यांना शिस्तच नाही’ म्हणून कारवाई होते. बहुतेकदा ओटे वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बोळात असतात. कामावरून परतणारी माणसं तिकडून जातच नाहीत. जागा ठरवण्याआधी संध्याकाळी सहा ते नऊ, दर पंधरा मिनिटांना किती माणसं जातात ते आठवडाभर मोजावं. सोबत पाणी, सावली आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह हवं. ते नसेल तर विक्रेत्या बायका दिवसभर पाणी पिणं टाळतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांना दिल्या, त्यात एक तृतीयांश स्त्रियांना. पण बैठक सकाळी अकराला ठेवली तर ऐन विक्रीच्या वेळी गाडी कुणावर सोडून यायचं? दुपारी अडीचला, मंडईतच बैठक घ्यावी आणि येणाऱ्यांची बुडालेली कमाई भरून द्यावी.

न विकलेल्या मालासाठी वीज न लागणारा शीतकक्ष हा स्वस्त उपाय आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या आराखड्यात 165 बाय 115 सेंटिमीटरचा विटांचा पाया आणि त्यावर 67.5 सेंटिमीटर उंचीची दुहेरी भिंत आहे. दोन भिंतींमधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत वाळू भरायची आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. साधारण शंभर किलो माल मावतो. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढून घेते, त्यामुळे कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरपेक्षा 10 ते 15 अंशांनी उतरतं. पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये हे छान चालतं. जुलैत हवाच दमट असते, वाफ होत नाही, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नये. पिकलेले टोमॅटो किंवा केळी पालेभाजीजवळ ठेवली तर त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पालेभाजी पिवळी पडते. मधे फळी घालून भागत नाही, वेगळा कक्षच लागतो. आणि किल्ली एकाच मोठ्या विक्रेत्याकडे राहिली तर महिनाभरात आत फक्त त्याचाच माल दिसतो. किल्लीची पाळी आठवड्याला बदलावी आणि भिंतीवर लिहून ठेवावी.

अशा छोट्या कामांसाठी पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. पुण्यात ही सोय 2006-07 पासून आहे आणि अर्ज क्षेत्रीय कार्यालयाकडे जातो. मंडईच्या जागेचा मामला मात्र विकास आराखड्याचा, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी राखायची ते ठरवणाऱ्या नकाशाचा. जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला. राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. त्यामुळे जानेवारी 2027 ही तारीख महत्त्वाची. आपल्या प्रभागात ‘भाजी मंडई’ म्हणून राखलेले भूखंड कोणते, त्यांतले ताब्यात किती आणि त्यांच्यावर आज काय उभं आहे, याची यादी माहिती अधिकारात त्याआधीच मागवून ठेवावी.