लॉन बोल्सला प्रेक्षक मिळाले कसे

2 ऑगस्ट 2022 रोजी लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या भारताच्या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवलं आणि राष्ट्रकुल स्पर्धेत लॉन बोल्सचं, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचं, सुवर्ण मिळवलं. आपल्याकडे अनेकांनी हा खेळ तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. स्पर्धा बर्मिंगहॅमची असली, तरी बोल्सचे सामने लेमिंग्टन स्पा इथल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये झाले. महिलांची जागतिक स्पर्धाही पूर्वी तिथे झालेली आहे. हिरवळीच्या कडेला बसून बोल्स बघणं तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलंय.

पण एके काळी सामान्य माणसाला हा खेळ खेळायचीच चोरी होती. साउदॅम्प्टनमधलं सर्वात जुनं मैदान 1299 सालापासूनचं असल्याचं सांगतात. आठव्या हेन्रीच्या 1541च्या कायद्याने मात्र कारागीर, मजूर आणि नोकरांवर बोल्सची बंदी आली. लोकांनी धनुर्विद्या सोडून जुगारी खेळांच्या नादी लागू नये, असा हेतू. सूट फक्त नाताळात, तीही मालकाच्या घरी किंवा त्याच्या देखत. वर्षाला 100 पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्याला मात्र परवाना काढून स्वतःच्या आवारात खेळता येई. ही बंदी कागदोपत्री 1845पर्यंत टिकली.

खेळाला शिस्त लावली ती स्कॉटलंडने. ग्लासगोचे वकील विल्यम मिचेल यांनी 1849च्या सुमारास नियम लिहून काढले. एडविन बडिंगने 1830 साली गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे सपाट हिरवळ राखणंही सोपं झालं. क्लब निघाले, पण बघणारे कोण? क्लबचेच सभासद, आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसलेले. क्रिकेटवाले डब्ल्यू. जी. ग्रेस 1903 साली इंग्लिश बोलिंग असोसिएशनचे पहिले अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सामने सुरू झाले. 1930मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला पहिले एम्पायर गेम्स, म्हणजे राष्ट्रकुल स्पर्धेचं जुनं रूप, भरले, त्यातही बोल्स होतं. तेव्हापासून फक्त 1966च्या किंग्स्टनच्या स्पर्धेत ते वगळलं गेलं. नेमकं त्याच वर्षी सिडनीजवळच्या कायमाग इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तोंडात पाइप धरून खेळणारा इंग्लंडचा डेव्हिड ब्रायंट एकेरीत जिंकला. महिलांची स्पर्धा 1969मध्ये आली. त्यात एकेरी जिंकली पापुआ न्यू गिनीच्या ग्लॅडिस डॉयल यांनी.

आता बघणाऱ्याच्या अडचणीकडे येऊ. एका हिरवळीचे रिंक नावाचे समांतर पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळा सामना चालतो. एकाच वेळी पाच-सहा लढती डोळ्यांसमोर असतात, म्हणजे एक धरावी तर बाकीच्या सुटतात. सगळी धडपड जॅक नावाच्या छोट्या चेंडूच्या जवळ आपला बोल, म्हणजे घरंगळवायचा गोळा, नेऊन ठेवण्याची. बोल एका बाजूला कललेला घडवतात, त्यामुळे तो सरळ जात नाही; वेग उतरला की आत वळतो. बाजूला बसलात तर हे वळण दिसत नाही आणि कुठला बोल जवळ, तेही कळत नाही. खरी जागा टोकाला, हिरवळीच्या कडेच्या चराच्या मागच्या उंचवट्यावर. पण तिथेही गोम आहे: प्रत्येक फेरीनंतर खेळाची दिशा उलटते. म्हणजे निम्म्या फेऱ्यांत बोल तुमच्या पायाशी येऊन थांबतात आणि उरलेल्या निम्म्यात पलीकडे काय झालं, हे खेळाडूंच्या हातवाऱ्यांवरून ताडावं लागतं. जॅकला शिवून गेलेल्या बोलवर खडूची खूण करतात; तो पुढे चरात पडला तरी बाद होत नाही. हे माहीत नसेल तर चरात गेलेल्या बोलवर टाळ्या का पडल्या, याचा पत्ताच लागत नाही.

देशागणिक खेळही बदलतो. मैदानाचा वेग सेकंदांत मोजतात, म्हणजे ठरावीक अंतरावर जाऊन थांबायला बोलला किती वेळ लागतो ते. आकडा मोठा, तेवढं मैदान जलद. ऐकायला उलटं वाटतं, पण गुळगुळीत गवतावर हलक्या हाताने सोडलेला बोल जास्त वेळ रेंगाळतो आणि रुंद वळतो. ऑस्ट्रेलियात असं बघायला मिळतं. ब्रिटनच्या ओलसर, जड गवतावर वळण आखूड.

प्रेक्षकाचा खरा विचार केला तो टीव्हीने. 1979 साली स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजला जागतिक इनडोअर स्पर्धा सुरू झाली. पुढे ती नॉरफोकमधल्या हॉप्टन-ऑन-सी इथे स्थिरावली: निळा गालिचा, मधोमध एकच रिंक, दोन्ही बाजूंना खुर्च्या, वर कॅमेरा. बघायला सोयीचं खरंच, पण वारा, ऊन आणि शेजारच्या रिंकवरचा जल्लोष त्यात नाही. 2026च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेसाठीही बोल्स छताखाली घ्यायचं ठरलं. 2014मध्ये त्याच शहरात केल्विनग्रोव्हच्या उघड्या हिरवळीवर सामने झाले होते. मला विचाराल तर तिकीट मी उघड्यावरच्या सामन्याचंच काढेन.