ग्रासकटरचं ऑइल पेट्रोलमध्ये घालायचं की इंजिनात?

पाऊस ओसरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची कापणी, सुरू होते आणि गॅरेजच्या दारात पिस्टन धरलेले (सिलिंडरमध्ये घट्ट अडकलेले) ग्रासकटर येऊन पडतात. कारण दरवर्षी तेच: टू-स्ट्रोक इंजिन कुठलं आणि फोर-स्ट्रोक कुठलं, याचा पत्ता नाही.

फोर-स्ट्रोक तुम्हाला ठाऊक आहे, तुमची मोटरसायकल तशीच चालते. टाकीत साधं पेट्रोल, इंजिनात वेगळं ऑइल, वेळेवर बदली. फक्त होंडाच्या जीएक्स-३५ सारख्या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम १०० मिली, म्हणून थोडं कमी झालं तरी महागात पडतं. पहिली बदली १० तासांनी, मग दर ५० तासांनी.

घोळ होतो तो टू-स्ट्रोकमध्ये. त्यात ऑइल साठायला जागाच नसते. पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनला फिरवणारा क्रँक असतो त्या पोकळीत, शिरतात आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जातात. मोटरसायकलमध्ये जिथे ऑइल असतं, तिथून इथे पेट्रोल वाहतं. मग क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण मिळणार ते पेट्रोलमधूनच, आणि काम झालं की ते जळून जाणार. साधं पेट्रोल घातलंत तरी मशीन सुरू होतं, उलट बिनधुराचं छान चालतं (माणूस फसतो तो इथेच!) आणि थोड्या वेळात पिस्टन धरतो. मग दोरी ओढून हात दुखले तरी हलत नाही.

चेतक-लुनाच्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. त्यांची चूक उलटी. ते फोर-स्ट्रोकच्या टाकीतही टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकचं) ऑइल ओततात आणि ‘ऑइल घातलं की’ म्हणून निर्धास्त होतात. धूर होतो, प्लग काळा पडतो आणि इंजिनातलं खरं ऑइल बघायचं राहूनच जातं.

‘झाकणभर टाक’ म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. कुठल्या बाटलीचं झाकण? पेट्रोल आणि ऑइलचं प्रमाण ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. आकडा मोठा तितकं ऑइल कमी, हेही अनेकांना उलटंच वाटतं. प्रमाण मशीनच्या पुस्तकात बघा आणि मेडिकलमधली सिरिंज वापरून मोजा. मोटरसायकलचं उरलेलं ऑइल मिसळू नका, ते जळण्यासाठी बनवलेलं नसतं.

प्लग, एअर फिल्टर, पातं यांची निगा दोन्हींत सारखीच.

ओळखायचं कसं? इंजिनाला ऑइल भरायचं वेगळं झाकण असेल तर फोर-स्ट्रोक. नसेल तर बहुतेक टू-स्ट्रोक. दुकानदाराच्या तोंडी माहितीपेक्षा हे झाकण खरं. उतारावरच्या बागेसाठी मी स्वतः टू-स्ट्रोकच घेईन, खांद्याला हलकं पडतं.

दोन्ही मशीन घरात असतील तर कॅन दोन ठेवा आणि एकावर रंगाने ‘टूटी’ लिहा. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.