लांझे किल्ला

फ्रान्सच्या तूरेन प्रांतातील मध्ययुगीन किल्ला व त्यातील कलासंग्रह. तूर शहराच्या पश्चिमेस सु. २५ किमी.वर, ल्वार नदीच्या उजव्या काठी लांझे गाव आहे. किल्ल्याच्या आवारात दोन वेगळ्या काळांतील वास्तू आहेत. मागील टेकाडावर एका पुरातन दगडी मनोऱ्याच्या दोन भिंती उभ्या आहेत. गावाकडे तोंड करून फ्रान्सचा राजा लुई अकरावा याने १४६५ पासून बांधून घेतलेला किल्ला आहे. आतील सामान मात्र या दोन्ही काळांतील रहिवाशांचे नाही. ते झाक सीगफ्रीड (१८४०–१९०९) या बँकव्यावसायिकाने १८८६ नंतर जमवले.

मनोऱ्याचा काळ वादग्रस्त आहे. आंजूचा काउंट फुल्क नेरा (कार. ९८७–१०४०) याने तो ९९२–९९४ च्या सुमारास बांधला, असे परंपरेने मानले जाते. त्याला मुख्य आधार रॅंसचा इतिवृत्तकार रिशे याचा आहे. फुल्कने येथे गढी उभारली आणि ब्ल्वाचा काउंट ओदो याने तिला वेढा घातला, असे रिशे लिहितो. तो समकालीन असल्याने गढीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र गढीत दगडी मनोरा होता की लाकडी, हे त्याच्या मजकुरावरून ठरत नाही. इतिहासकार बर्नार्ड बॅक्रॅक यांनी १९८४ मध्ये मनोऱ्याच्या बांधकाम-खर्चाचा हिशोब मांडला. भिंतींची जाडी सु. १.५ मी. व दगडकाम सु. १,२०० घ.मी. धरून त्यांनी सु. ८३,००० मनुष्य-दिवसांचा अंदाज केला. त्यातील बहुतांश श्रम बिनकसबी मजुरांचे होते. चुन्याचा गारा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. ओल्या गाऱ्यावर हिमतुषार पडले की तो भुसभुशीत होऊन सुटतो, म्हणून या प्रदेशात हिवाळ्यात भिंतकाम थांबवावे लागते. दोन हंगाम, प्रत्येकी १२० दिवस, असे धरल्यास रोज सु. ३५० माणसे लागतात. सरहद्दीवरच्या, शत्रूच्या नजरेखालील जागी हे अशक्य नसले, तरी अवघड होते.

एडवर्ड इम्पी व एलिझाबेथ लोरां यांच्या १९९८ मधील पुरातत्त्वीय अभ्यासात वेगळा निष्कर्ष निघतो. ही इमारत मुळात लढण्यासाठी नसून प्रतिष्ठित निवासाचे दालन होती, असे त्यांचे मत आहे. पातळ भिंती, वरच्या मजल्यावरील रुंद खिडक्या, लहान आकाराच्या घडीव चिऱ्यांचे नीटस काम आणि बचावाच्या सोयींचा अभाव या गोष्टी त्या मताशी अधिक जुळतात. तेव्हा मनोऱ्याचा काळ ‘इ. स. १००० च्या आसपास’ असा मोघम ठेवणे सध्या सुरक्षित दिसते. ‘फ्रान्समधील सर्वांत जुना दगडी मनोरा’ हे प्रवासी-पुस्तिकांतील बिरुदही जपूनच घ्यावे, कारण दुए-ला-फोंतेन येथील दगडी दालनाचे मनोऱ्यात झालेले रूपांतर दहाव्या शतकाच्या मध्याचे मानतात. लांझेच्या भिंतींसमोर आता मध्ययुगीन पद्धतीच्या लाकडी परांचीची प्रतिकृती उभारलेली आहे.

फ्रान्स व इंग्लंड यांच्यातील शतवर्षीय युद्धात येथील जुनी तटबंदी गेली व मनोरा उरला. पंधराव्या शतकातील किल्ल्याच्या कामावर राजाचा विश्वासू कारभारी झां बुरे याची देखरेख होती. चौकाच्या दोनच बाजू पुऱ्या झाल्या. गावाकडील दर्शनी भाग कडक आहे : गोल बुरूज, उचलता पूल, अरुंद झरोके आणि छपराखालून सलग जाणारी सु. १३० मी. लांबीची फांजी (तटावरची पहाऱ्याची वाट). ही फांजी भिंतीच्या तोंडापुढे झुकलेली असून तिच्या तळाशी शत्रूवर दगड टाकण्यासाठी छिद्रे आहेत. तोफांच्या काळात या छिद्रांचा उपयोग धाक दाखवण्यापुरताच उरला होता. आवाराकडील बाजू सरळ वाड्याची आहे, मोठ्या खिडक्या व नक्षीदार छपरी-गवाक्षे असलेली. ६ डिसेंबर १४९१ रोजी फ्रान्सचा राजा शार्ल आठवा आणि ब्रिटनीची डचेस आन यांचा विवाह येथे झाला. ती चौदा वर्षांची होती व हॅब्सबर्ग घराण्यातील मॅक्सिमिलियनशी तिचे प्रतिनिधीमार्फत लग्न आधीच लागलेले होते. पोपची परवानगी नंतर आली. हा प्रसंग आता दालनात मेणाच्या पुतळ्यांनी दाखवला आहे.

राज्यक्रांतीनंतर किल्ला खासगी हातांत गेला आणि तळमजल्याचा तबेला झाला. १८३९ मध्ये तो ख्रिस्तोफ बारों याने विकत घेतला. सीगफ्रीड १८८६ मध्ये आला. त्याच्या संपत्तीच्या मुळाशी मुंबईचा कापूस आहे. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) अमेरिकी कापूस अडताच मूळच्या मुलूझच्या सीगफ्रीड बंधूंनी, झ्यूल व झाक यांनी, ल हाव्र येथे पेढी काढली आणि मुंबईत शाखा उघडली. १८६७–६९ मध्ये झाकने भारत, चीन व जपानसह जगप्रवास केला.

वास्तुतज्ज्ञ ल्यूस्यँ रुआ याच्या साह्याने त्याने दालने ‘पंधराव्या शतकाच्या अखेरच्या’ रूपात सजवली. साच्यांतून रंगवलेल्या भिंती व नक्षीची फरसबंदी हे काम त्या दोघांचे. किल्ल्याच्या तटासारखी कंगोरेदार दर्शनी बाजू असलेली दगडी शेकोटी मात्र जुनी समजतात. हा भेद न केल्यास संग्राहकाची आवडच मध्ययुगीन गृहरचना म्हणून वाचली जाते.

ओक लाकडाच्या पेट्या, मंडपी पलंग आणि कपाटे यांबाबत अधिक सावधगिरी हवी. एकोणिसाव्या शतकाच्या बाजारात जुनी कोरीव फळी नव्या चौकटीत बसवून ‘अस्सल’ वस्तू करण्याचा धंदा जोरात होता. तपासणी मागच्या बाजूने करतात. करवतीचे वळणदार, कंसाकार ओरखडे दिसले की फळी गोल पात्याच्या यंत्रावर कापलेली, म्हणजे अलीकडची. लाकूड पोखरणारा किडा पृष्ठावर फक्त गोल भोक ठेवतो. भोकाऐवजी उघडी आडवी नळी दिसल्यास जुने लाकूड पुन्हा तासलेले असते.

संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे ‘नऊ वीर’ ही चित्रजवनिकांची (भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांची) मालिका (सु. १५२५–४०). हेक्टर, अलेक्झांडर, सीझर; जोशुआ, डेव्हिड, जूडास मॅकबीअस; आर्थर, शार्लमेन, बुईयाँचा गोद्फ्र्वा असे मूळ नऊ. येथे सात आहेत. अशा जवनिका मागावर आडव्या विणतात. टांगल्यावर ताणा जमिनीला समांतर होतो आणि सगळे वजन बाण्यावर येते. त्यामुळे रंग बदलतो त्या शिवणी आधी उसवतात. तपकिरी भागात लोहाचे रंगबंधक (रंग धाग्यात पक्का करणारे द्रव्य) वापरलेले असल्यास लोकर ठिसूळ होऊन झडते, आकृतींच्या बाह्यरेषा जातात. हिरवा रंग निळीवर वनस्पतिज पिवळा चढवून केलेला असतो. पिवळा उजेडात आधी उडतो, म्हणून झाडे निळसर दिसतात. दुरुस्ती लिननच्या अस्तरावर विरळ टाक्यांनी करतात, वरची कड पूर्ण लांबीभर आधारतात आणि उजेड साधारणतः ५० लक्सच्या आत ठेवतात. उंच खिडक्यांच्या किल्ल्यात हे शेवटचे पाळणेच सर्वांत कठीण.

सीगफ्रीडने १९०४ मध्ये किल्ला संग्रहासह फ्रान्सच्या अँस्तित्यू द फ्रांस या संस्थेला दान केला. आजही मालकी तिचीच आहे.