मार्चमधल्या देणग्या: पुण्यातल्या संस्था आणि देणगीदारांच्या नात्याची पार्श्वभूमी

फेब्रुवारी सरत आला की पुण्यातल्या सामाजिक संस्थांमधून देणगीदारांना फोन जाऊ लागतात. ३१ मार्चच्या आत रक्कम जमा झाली तर करसवलतीसाठी लागणारी पावती याच आर्थिक वर्षाची मिळते. अमेरिकेत ही धांदल डिसेंबरात चालते, कारण तिथे सर्वसामान्य करदात्याचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते. आपल्याकडे एप्रिल ते मार्च हे सरकारी हिशेबाचे वर्ष १८६७ पासून रूढ आहे. देणगीदार जोडून ठेवण्याची पुण्याची रीत मात्र करसवलतीच्या कितीतरी आधीची.

बाहेरगावचा गरीब विद्यार्थी पुण्यात वार लावून जेवायचा. आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी. मुलगा पास झाला की नापास, हे त्या घराला आपसूक कळे. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, मधुकरीच्या याच परंपरेचा आधार घेतला. ही व्यवस्था बरीचशी ब्राह्मण घरांपुरती होती, हेही नोंदवायला हवे. पण आपले अन्न कुणाच्या पोटात जाते, हे देणाऱ्याला डोळ्यांनी दिसत होते.

धोंडो केशव कर्वे यांनी हे नाते संस्थेच्या पातळीवर नेले. १८९६ मध्ये विधवांसाठी त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि पुढे आश्रम हिंगण्याला नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, हिंगण्याला पायी जायचे आणि सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव हिंडायचे, असा त्यांचा क्रम होता. लहान देणगीलाही त्यांनी कमी लेखले नाही. महिला विद्यापीठ १९१६ मध्ये सुरू झाले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले ते त्यामुळे. सगळ्यांना आठवते ती हीच देणगी. मला मात्र त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात, कारण लोकांचा विश्वास त्या काळात साठत गेला होता. याच सुमारास अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाने माणशी एक पैसा मागून तळेगावला काच कारखाना उभा केला.

स्वातंत्र्यानंतर या नात्यात कायदा आला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणले. १९६८ पासून आयकर कायद्याचे ८०-जी कलम, म्हणजे देणगीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करू देणारे कलम, लागू झाले आणि देणगी मार्चकडे सरकू लागली. २०१४ मध्ये मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. त्यातून मोठ्या रकमा आल्या, पण कंपनीतला ओळखीचा अधिकारी बदलला की ओळख पुन्हा शून्यापासून करावी लागते.

पुण्याने मार्चखेरीज दुसरा हंगामही घडवला आहे. पितृपंधरवड्यात भरणाऱ्या 'देणे समाजाचे' या प्रदर्शनात वेगवेगळ्या संस्था आपले काम घेऊन बसतात. आई-वडिलांच्या स्मरणार्थ देऊ इच्छिणारा माणूस कार्यकर्त्याशी समोरासमोर बोलतो, शंका विचारतो, पुढे जमले तर प्रकल्प पाहून येतो. अशा वेळी झालेली ओळख मला अधिक टिकाऊ वाटते, कारण तिथे तारखेची घाई नसते.

अलीकडे नियम आणखी बदलले. दोन हजारांवरच्या रोख देणगीला २०१७-१८ पासून सवलत मिळत नाही. २०२१-२२ पासून संस्थेला देणगीदारांचा तपशील १०-बीडी नमुन्यात आयकर खात्याकडे भरावा लागू लागला. तो भरल्यावरच देणगीदाराच्या हाती प्रमाणपत्र येते. पॅन क्रमांक मागताना जुन्या, वयस्कर हितचिंतकांना कारण नीट समजावून सांगावे लागते, आणि हे काम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही. त्यातच २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. तिच्यात ८०-जीची वजावट नाही. जुनी प्रणाली मुद्दाम न निवडणाऱ्या पगारदार देणगीदाराला '३१ मार्चच्या आत' या शब्दांनी आता काहीच फायदा होत नाही. त्याला फोन करताना कार्यकर्त्याला वर्षभरात काय काम झाले, इथूनच सुरुवात करावी लागते.